निसर्गचित्रांचे वचनफलक: काय निवडावं, काय नाकारावं, कुठे लावावं

भिंतीवर टांगलेला वचनफलक, म्हणजे बायबलमधलं वचन लिहिलेला फलक, रोज दिसतो. आजारपणात दिसतो, घरातलं माणूस गेल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांतही दिसतो. एवढा भार पेलायचा तर तो नुसता देखणा असून भागत नाही. चित्रातलं झाड खऱ्या झाडासारखं वाढलेलं हवं, खालचं वचन शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ज्या प्रसंगी आलं त्या प्रसंगाला धरून हवं, आणि कागद व शाई टिकाऊ हवी. निसर्गचित्रांसह येणारे वचनफलक, कार्डं आणि घरी रंगवायचे संच इथे याच कसोट्यांवर पारखले आहेत. आमचा कल आधीच सांगतो. एकाच वनस्पतीचं किंवा पक्ष्याचं नीट निरीक्षण करून काढलेलं चित्र, सोबत पूर्ण ओवी (बायबलच्या अध्यायातलं क्रमांक दिलेलं वचन), आणि हे सगळं कापसाच्या कागदावर पिगमेंट, म्हणजे घन रंगकणांच्या, शाईने छापलेलं, हा प्रकार सर्वांत जास्त काळ साथ देतो. धुक्यातला डोंगर आणि त्यावर अर्धं वाक्य, हा सर्वांत कमी.

चित्र खरं आहे का

येशूने शिकवताना निसर्गातल्या अगदी ठरावीक गोष्टींकडे बोट दाखवलं: रानातली फुलं, चिमण्या, मोहरीचा दाणा, अंजिराची कोवळी झालेली फांदी. ऐकणाऱ्यांनी त्या गोष्टी रोज पाहिल्या होत्या. म्हणून चित्रकाराने त्या पाहून काढल्या आहेत की नुसत्या सजावटीसाठी वापरल्या आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मत्तय ६:२८ घ्या. या ओवीवर सर्वाधिक दिसणारं चित्र म्हणजे पांढरी, कर्ण्यासारखी लिली. दिसते सुंदर, पण ख्रिस्ती चित्रपरंपरेत ती मरीयेच्या शुद्धतेची खूण म्हणून आली आहे. तिचा अर्थ वेगळा. गालीलच्या उतारांवर वसंतात लाल अ‍ॅनिमोनी उमलते आणि येशूच्या मनात तीच असावी, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. फूल कोणतंही मानलं तरी दोनच ओव्या पुढे ते आज रानात असलेलं आणि उद्या भट्टीत पडणारं गवत आहे. म्हणजे चित्रात गवत हवं, माती हवी, कुणी न लावलेल्या फुलांची दाटी हवी. फुलदाणीतला गुच्छ या ओवीखाली शोभत नाही, कारण त्या फुलांची काळजी माणसाने घेतलेली असते आणि ओवीचा सगळा जोर देवाच्या काळजीवर आहे.

योहान १२:२४ च्या फलकांत एक चूक फार वेळा आढळते. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मरतो, असं वचन आहे आणि चित्रात मात्र दोन गोल पानांचा कोंब. गहू एकदल आहे. त्याचा कोंब एका टोकदार पात्यासारखा वर येतो. दोन पानं घेवड्याची किंवा मोहरीची. चांगल्या चित्रात आधी खाली गेलेली मुळं दिसतात, कारण बी रुजताना मूळ आधी फुटतं आणि कोंब नंतर मातीबाहेर येतो. दुःखात असलेल्या माणसाला नेमका हाच तपशील धीर देतो: वर काहीच दिसत नसताना खाली काम सुरू झालेलं असतं. दोन पानांच्या चित्राने हे सांगितलं जात नाही.

इंद्रधनुष्य तपासणं सर्वांत सोपं आहे. सूर्य नेहमी पाहणाऱ्याच्या पाठीमागे असतो, त्यामुळे एकाच चौकटीत सूर्य आणि इंद्रधनुष्य दोन्ही असतील तर ते चित्र आकाशाकडे पाहून काढलेलं नाही. मुख्य कमानीत लाल रंग बाहेरच्या कडेला आणि जांभळा आतल्या कडेला असतो. दुहेरी इंद्रधनुष्यात दुसऱ्या, फिकट कमानीत हा क्रम उलटा होतो. कमानीच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा किंचित उजळ दिसतं. सूर्य क्षितिजापासून सुमारे ४२ अंशांहून वर गेला की सपाट जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही, म्हणून चित्रातला उजेड तिरपा हवा आणि सावल्या लांब. उत्पत्तीच्या ९ व्या अध्यायात धनुष्य ढगांत ठेवलं आहे. जलप्रलय नुकताच ओसरलेला आहे. मागचं आकाश काळंभोर ठेवणारा चित्रकार वचनाच्या जास्त जवळ असतो.

यशया ४०:३१ साठी पांढऱ्या डोक्याचा गरुड सर्रास छापतात. तो उत्तर अमेरिकेचा पक्षी. यशयाच्या प्रदेशात तो कधी नव्हता. याहून मोठी गोष्ट पंखांची आहे. मोठे शिकारी पक्षी उंच चढतात ते तापलेल्या जमिनीवरून वर येणाऱ्या हवेच्या झोतावर, पंख पसरून, जवळजवळ न फडफडवता. टोकाची पिसं बोटांसारखी सुटी दिसतात. असं चित्र असेल तर घ्यावं, कारण परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांना मिळणारी शक्ती त्यांच्या स्वतःच्या धडपडीतून येत नाही, हे त्या पसरलेल्या पंखांत दिसतं. जोरात पंख मारणारा, चोच उघडलेला गरुड पराक्रमाचं चित्र आहे. थकलेल्याला त्याचा उपयोग नाही.

द्राक्षवेलीच्या फलकात (योहान १५) घड कुठून लटकले आहेत ते पाहा. द्राक्षं चालू हंगामातल्या कोवळ्या फुटव्यावर लागतात आणि तो फुटवा मागच्या वर्षीच्या काडीवरून निघतो. जाड, जुन्या खोडातून थेट घड निघालेले दाखवले असतील तर छाटणीचा, म्हणजे दुसऱ्या ओवीचा, सगळा अर्थ हरवतो. छाटलेल्या काडीचा काप दाखवणारं चित्र क्वचित मिळतं. मिळालं तर सोडू नये.

अलीकडे संगणकाने तयार केलेली चित्रं हाताने काढलेली म्हणून विकली जातात. ओळखण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. चिमणीच्या पायाला पुढे तीन आणि मागे एक बोट असतं. तिथे बोटं एकमेकांत मिसळलेली दिसतात. पानाचा देठ फांदीला न भेटता हवेत संपतो. एकाच झाडाच्या फुलांत पाकळ्यांची संख्या मनमानी बदलते. गव्हाच्या ओंबीचे दाणे एका बाजूला विरघळून जातात. विक्रेत्याकडे कच्च्या रेखाटनाचा किंवा मूळ कागदाच्या कडेचा फोटो मागावा. हाताने काम करणाऱ्यांकडे तो बहुधा असतोच.

वचन पूर्ण आहे का

इथे आम्ही सर्वांत कडक आहोत, कारण अर्धं वचन चुकीची आशा देतं आणि चुकीची आशा संकटात पहिल्यांदा तुटते.

स्तोत्र १२१ ची पहिली ओवी डोंगरांच्या चित्रावर एकटीच छापलेली असते. त्या ओवीत प्रश्न आहे: माझं साहाय्य कोठून येणार? उत्तर दुसऱ्या ओवीत आहे, की ते आकाश व पृथ्वी निर्माण करणाऱ्या परमेश्वराकडून येतं. दुसरी ओवी गाळली की डोंगरच तारणारा ठरतो. प्रश्नचिन्ह काढून पूर्णविराम दिलेले फलकही दिसतात. ते तर घेऊच नयेत.

स्तोत्र ४६:१० मधलं 'शांत राहा' नेहमी निवांत तळ्यावर असतं. पण त्याच स्तोत्रात आधी पृथ्वी ढळते, डोंगर समुद्रात कोसळतात, पाणी गर्जतं आणि फेसाळतं. खवळलेल्या समुद्राच्या चित्रावर ही ओवी घातलेला फलक मिळाला तर तो निवांत तळ्यापेक्षा दसपट मोलाचा.

विलापगीत ३:२२-२३ सूर्योदयावर छापतात. ते योग्यच आहे, कारण दया रोज सकाळी नवी होते असं तिथे म्हटलं आहे. मात्र हे शब्द उद्ध्वस्त यरुशलेमेवर शोक करणाऱ्या पुस्तकाच्या मध्यावर येतात. चित्रातली पुढची बाजू अंधारी, जळालेली किंवा ओसाड असेल आणि उजेड फक्त क्षितिजावर असेल, तर ओवी आणि चित्र एकमेकांना उचलून धरतात. गुलाबी आकाश आणि फुललेली बाग असेल तर सकाळ नवी आहे हे कळतं, पण दया का लागली ते कळत नाही. यिर्मया २९:११ चंही असंच. ते बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं वचन आहे आणि त्याच्या आदल्याच ओवीत सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. पदवी मिळवणाऱ्या मुलाला ते उडत्या फुलपाखरासह देतात. लांबलेल्या प्रतीक्षेत असलेल्या माणसाला ते सावकाश वाढणाऱ्या झाडासह द्यावं.

ईयोब १४:७ विशेष जपून घ्यावं. तोडलेल्या झाडाला पुन्हा धुमारे फुटण्याची आशा असते, असं ते वाक्य आहे आणि फुटवा आलेल्या बुंध्याचं चित्र त्याखाली फार सुरेख बसतं. पण ईयोब लगेच पुढे म्हणतो की माणूस मात्र मरतो आणि उठत नाही. तो झाडाची आशा सांगून माणसाची निराशा मांडतो आहे. शोकात असलेल्या घरी कुणी शास्त्र उघडून पुढच्या ओव्या वाचल्या तर फलक घाव घालेल. बुंध्याच्या चित्रासाठी यशया ११:१ योग्य: इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल. तिथे बुंधा राजघराण्याचा आहे, तोडला गेलेला आहे आणि आशा येणाऱ्या ख्रिस्ताची आहे. चित्र तेच राहतं आणि वचन भक्कम होतं.

यशया ४०:३१ चं शेवटचं वाक्यही अनेकदा कापलेलं असतं, कारण गरुडाचं चित्र उडण्यापाशी संपतं. ओवीचा क्रम उडणं, धावणं आणि शेवटी चालणं असा आहे. अंथरुणातून उठून खोलीच्या दारापर्यंत जाणाऱ्या माणसाला न थकता चालण्याचं वचन हवं असतं. ते छापलेलंच नसेल तर तो फलक त्याच्यासाठी नाही.

लूक १२:६ वरचे फलक कमी मिळतात. शोधून घ्यावेत असे आहेत. मत्तयात दोन चिमण्या एका दमडीला, लूकमध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब केला तर पाचवी फुकटात आलेली, वर टाकलेली. आणि तिचाही देवाला विसर पडलेला नाही. पाच चिमण्यांपैकी एक किंचित बाजूला बसलेली दाखवणारा चित्रकार ओवी वाचून बसलेला असतो. वचनाशिवाय नुसत्या समजुतीवर विकलेल्या वस्तूंबद्दल एवढंच: लाल कार्डिनल पक्षी दिसला म्हणजे गेलेला माणूस भेटायला आला, अशी वाक्यं ख्रिस्ती म्हणून खपवली जातात. शास्त्रात याला आधार नाही.

जुन्या चित्रांच्या प्रती

नव्या फलकांपेक्षा जुन्या कलाकृतींच्या चांगल्या प्रती कित्येकदा सरस ठरतात. रोममधल्या सान क्लेमेंते चर्चच्या १२ व्या शतकातल्या मोझेकमध्ये क्रूसाच्या पायथ्यापासून निघालेली वेल संपूर्ण घुमटभर वळणं घेत पसरते आणि खाली हरिणं पाणी पितात. याची प्रत घेताना एक अडचण लक्षात ठेवावी: सोनेरी मोझेक साध्या छपाईत मातकट पिवळं होतं. पूर्ण घुमटापेक्षा वेलीच्या एखाद्या भागाची किंवा हरिणांची जवळून टिपलेली प्रत जास्त चांगली निघते.

जर्मन चित्रकार ड्यूररने १५०३ मध्ये जलरंगांत गवताचा एक तुकडा रंगवला. त्यात डँडेलियन आहे, रुंद पानांचा प्लँटेन आहे, मुळं आणि चिखल आहे. कुठलंही वचन नाही. व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयातलं मूळ चित्र साधारण ४० × ३१ सेंटिमीटरचं, म्हणजे जवळपास ए३ एवढं आहे. प्रतही त्याच मापाची घ्यावी. मोठी केली तर ब्रशच्या बारीक रेषा जाड होतात, छोटी केली तर पाती एकमेकांत मिसळतात. मत्तय ६:३० वेगळ्या छोट्या पट्टीवर लिहून खाली लावलं की काम झालं.

जर्मन चित्रकार कास्पार डेव्हिड फ्रीडरिखने १८०८ मध्ये डोंगरमाथ्यावरचा क्रूस आणि भोवतीची फरची झाडं वेदीसाठी रंगवली. निसर्गदृश्य वेदीवर चढवावं का, यावर तेव्हा मोठा वाद झाला. सदा हिरवी राहणारी ती झाडं म्हणजे क्रूसावरच्या ख्रिस्तावर ठेवलेली आशा, असा अर्थ चित्रकाराने स्वतः दिला होता. प्रत निवडताना गडद भागात झाडं वेगवेगळी दिसतात का ते पाहा. हलक्या छपाईत डोंगर एक काळा त्रिकोण होऊन बसतो. लिलियस ट्रॉटर (१८५३–१९२८) या चित्रकर्तीने १८८८ पासून अल्जीरियात मिशनकार्य केलं. गळणाऱ्या पाकळ्या आणि फुटणारी बोंडं यांतून तिने क्रूस आणि नवजीवन समजावलं. तिची चित्रं लहान, वहीच्या पानांवरची आहेत. ए४ पेक्षा मोठी प्रत घेऊ नये.

कागद, शाई, चौकट

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण उत्तरं नेमकी हवीत. कागद शंभर टक्के कापसाचा आणि अ‍ॅसिडविरहित आहे का? वजन किती? २३० ते ३१० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) असेल तर कागद सरळ राहतो. शाई डायची (विरघळलेल्या रंगाची) की पिगमेंटची? डायची शाई सुरुवातीला जास्त झगमगते, पण उजेडात लवकर उडते आणि ओलसर हवेत पसरू शकते. पिगमेंट शाईत रंगाचे घन कण असतात, म्हणून ती टिकते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून काही ठिकाणी उजळक रसायन घालतात. कालांतराने त्याचा असर गेला की कागद पिवळट होतो. अंधारात अतिनील टॉर्च मारला की असा कागद निळसर चमकतो. तपासणी मिनिटाभराची आहे.

कॅनव्हासवर मोठी दृश्यं चांगली दिसतात, पण वचनासाठी तो दुय्यम. विणीचा पोत बारीक रेषा तोडतो आणि अनुस्वार, रफार पुसट होतात. लाकडी चौकटीवर ताणताना सुमारे ४ सेंटिमीटर कापड कडेने वळतं. मजकूर कडेच्या जवळ असेल तर शेवटचं अक्षर बाजूला जातं. कोपऱ्यांत पाचरी नसतील तर कॅनव्हास सैल पडल्यावर पुन्हा ताणता येत नाही. एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या) फळ्या ओलाव्याने कडांना फुगतात. अ‍ॅल्युमिनियमवरची छपाई दमट जागी उत्तम, फक्त समोर खिडकी नको.

जलरंगातलं मूळ चित्र विकत घेत असाल तर रंगांची नावं विचारा. पारंपरिक अ‍ॅलिझरिन क्रिम्सन, म्हणजे पीआर ८३, उजेडात फिकट होतो. त्याऐवजी क्विनाक्रिडोन, पीव्ही १९, वापरलेला बरा. झगझगीत ओपेरा गुलाबीही टिकत नाही. संग्रहालयं कागदावरच्या जलरंगांना साधारण ५० लक्स एवढाच मंद उजेड देतात. घरात तेवढं शक्य नसतं, पण थेट ऊन पडणारी भिंत टाळणं शक्य असतं.

चौकटीत काच कागदाला टेकता कामा नये. दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि काढताना शाई काचेवर राहते. मधे पुठ्ठ्याचा माउंट ठेवला की दीडेक मिलिमीटरची फट मिळते. चित्र चारही बाजूंनी दुहेरी टेपने डकवलं तर कागदाला आकसायला-पसरायला जागा राहत नाही आणि तो लाटांसारखा फुगतो. म्हणून फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी पातळ टिश्यू आणि स्टार्चच्या खळीने अडकवावं. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गुंड्या लावाव्यात, म्हणजे भिंतीचा ओलावा अडकत नाही.

वाळवलेल्या खऱ्या फुलांचे फलक वेगळ्या नजरेने पाहावेत. लाल आणि निळी फुलं लवकर तपकिरी होतात, हिरवी पानं गवती रंगावर येतात, पिवळी त्या मानाने टिकतात. रेझिनमध्ये बुडवलेली फुलं हवेपासून वाचतात, पण रेझिन स्वतः उन्हाने पिवळं पडतं. एक ओवी मात्र या माध्यमासाठीच आहे असं वाटतं: गवत सुकतं, फूल कोमेजतं, पण देवाचं वचन सर्वकाळ टिकतं (यशया ४०:८). फूल खऱ्या पाकळ्यांचं आणि अक्षरं पक्क्या पिगमेंट शाईची, अशी जोडी असेल तर फिकट होत जाणं हा दोष राहत नाही.

मराठी अक्षरांची छपाई

मराठी वचन छापून देणाऱ्यांपैकी अनेकांच्या कामात चित्र चांगलं आणि अक्षरं मोडलेली असतात. कारण तांत्रिक आहे. चित्रांच्या काही संगणकीय साधनांमध्ये भारतीय लिप्यांसाठी वेगळी मांडणीव्यवस्था निवडावी लागते. ती निवडली नाही तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी उभी राहतात. 'ख्रिस्त', 'आशीर्वाद', 'करणाऱ्या' हे तीन शब्द नमुन्यासाठी मागवा. पहिल्यात जोडाक्षर आणि वेलांटी, दुसऱ्यात रफार, तिसऱ्यात 'ऱ्य' तपासला जातो. अक्षरांत अंतर वाढवलं असेल तर शिरोरेषा तुटते. रोमन लिपीत शोभणारी ती पद्धत देवनागरीत चालत नाही. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या मापाच्या किमान दीडपट हवं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' असलेला टंक मराठी डोळ्याला सहज वाचता येतो. छपाईआधी नमुना प्रतिमेच्या रूपात मागवावा. नुसता मजकूर पाठवून 'बरोबर आहे ना' विचारणाऱ्याला होकार देऊ नये, कारण मोडतोड मजकुरात होत नाही, मांडणीत होते.

डाउनलोड करून घरी छापायचं असेल तर

फाइलचं पिक्सेलमधलं माप बघा. ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ए४ साठी २४८० × ३५०८, ए३ साठी ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. एवढे नसतील तर झाडाची पानं गुळगुळीत ठिपके होतात. दुसरी अडचण प्रमाणाची: ४:५ मध्ये आखलेलं चित्र ए४ वर पूर्ण पसरलं की दोन बाजू कापल्या जातात आणि कडेजवळचा मजकूर पहिला जातो. 'पानभर पसरवा' ऐवजी 'पानात बसवा' निवडून पांढरी कड राहू द्यावी. माउंटखाली ती झाकली जाते. पडद्यावरचे तेजस्वी हिरवे आणि निळे छपाईत मंदावतात, म्हणून आधी एक छोटी पट्टी छापून पाहावी.

घरी रंगवायचे संच

हे संच मनन करणाऱ्यांना फार उपयोगी पडतात, कारण एक पान रंगवायला तासभर त्याच पानाकडे पाहावं लागतं. संचातला कागद मात्र पाहूनच घ्यावा. २०० जीएसएमखालचा कागद पाण्याने वाकतो. ३०० जीएसएमचा ए५ तुकडा चारही कडा मास्किंग टेपने चिकटवला की पुरतो. छापील फिकट रेषा पाण्यात न विरघळणाऱ्या हव्यात. तयार हिरवा एकटा वापरला तर सगळी झाडं प्लास्टिकची दिसतात. त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी रंग) मिसळावा. जैतुनाच्या पानाला वरून गडद आणि खालून रुपेरी छटा द्यावी. नोहाच्या कबुतराच्या चोचीतलं पान तिथे खरं वाटू लागतं.

समासात चित्र काढायची रुंद कडेची बायबलंही मिळतात. त्यांचा कागद फार पातळ असतो, त्यामुळे स्पिरिटचे मार्कर पलीकडे उतरतात आणि बॉलपेनचा वळ उठतो. रंगीत पेन्सिल सर्वांत सुरक्षित. जलरंग वापरायचाच असेल तर पानाखाली बटरपेपर ठेवून पारदर्शक गेसोचा (रंगाआधी लावायच्या अस्तराचा) अगदी पातळ थर जुन्या प्लास्टिक कार्डाने ओढावा, अर्धा तास वाळू द्यावा, मग ब्रश जवळजवळ कोरडा करून रंग लावावा. गेसो जाड झाला तर पान ताठ होतं. ओला असताना बायबल मिटलं तर दोन पानं कायमची चिकटतात आणि वेगळी करताना वचनच फाटतं. पूर्ण वाळल्यावर रात्रभर वजनाखाली ठेवावं. ज्यांना शास्त्राच्या पानाला रंग लावणं पटत नाही त्यांनी वेगळ्या कागदावर चित्र काढून ते पानांत नुसतं ठेवावं. अनुभव कमी होत नाही.

कुणाला काय, आणि कुठे

रुग्णालयात नेण्यासाठी ए६ मापाचं, चकचकीत लेप नसलेलं ३०० ते ३५० जीएसएमचं कार्ड उत्तम. त्यावर पेनाने लिहिता येतं. लेपाच्या कार्डावर शाई फासते. चमकी असलेली कार्डं नेऊ नयेत, ती अंथरुणात सांडते. शोकाच्या पहिल्या आठवड्यांत विजयाच्या ओव्या आणि उगवता सूर्य देऊ नये. स्तोत्र ३४:१८, म्हणजे भग्नहृदयी माणसांच्या जवळ असलेला परमेश्वर, आणि सोबत शांत, पानगळ झालेलं झाड हे जास्त जवळचं वाटतं. योहान १२:२४ थोडं थांबून द्यावं. नोकरी गेलेल्याला, निकालाची वाट पाहणाऱ्याला स्तोत्र १ चं झाड द्यावं; तिथे फळ आपल्या हंगामी येतं असं स्पष्ट म्हटलं आहे.

उभ्याने पाहायचा फलक असेल तर त्याचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हे माप चुकीचं. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत, पायांकडच्या भिंतीवर, मध्य साधारण मीटरभर उंचीवर घ्यावा आणि फलक किंचित खाली झुकवावा, म्हणजे दिव्याची तिरीप काचेवर येत नाही. ३ मीटरवरून सहज वाचायला अक्षराची उंची २५ मिलिमीटरच्या आसपास लागते, २ मीटरला १७. सोनेरी फॉइलची अक्षरं इथे नकोत. एका कोनातून ती चमकतात आणि दुसऱ्या कोनातून नाहीशी होतात. फिकट आकाशावर गडद तपकिरी किंवा काळी अक्षरं सर्वांत आधी वाचता येतात. काही आठवड्यांनी चित्राकडे लक्ष जाईनासं होतं, म्हणून मागून उघडणारी चौकट घ्यावी आणि त्याच मापाची तीन-चार चित्रं आत एकामागे एक ठेवावीत. कोणतं पुढे आणायचं ते झोपलेल्या माणसालाच विचारावं.